यशवंतरावांवर पाच मिनिटं बोलायचं कसं?

मार्च उजाडला की आमच्या गल्लीतली पोरं भाषणाची वही घेऊन दारात हजर. १२ तारखेला यशवंतराव चव्हाणांची जयंती, शाळाशाळांत वक्तृत्व स्पर्धा. वहीतलं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी...’ ते आधी खोडा. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हेही नको. परीक्षकांनी ते सकाळपासून ढीगभर ऐकलेलं असतंय.

कोल्हापुरात बोलताय ना? मग कोल्हापूरच्याच दारातनं आत शिरा. १९३८ साली यशवंतराव इथल्या राजाराम कॉलेजातनं बी.ए. झाले. तिथनं मागं कऱ्हाडला जा: वडील लवकर गेले, आई विठाईनं वाढवलं, १९३२ ला टिळक हायस्कूलमध्ये तिरंगा लावला म्हणून अठरा महिने शिक्षा. एवढं एका मिनिटात उरका. बालपण ताणत बसलात तर मुख्यमंत्री व्हायच्या आत घंटा वाजते.

मुक्काम करा १९६२ ला. १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १८ नोव्हेंबरला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते आपल्या शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि २१ नोव्हेंबरला यशवंतराव दिल्लीत संरक्षणमंत्री झाले. चीनच्या युद्धानं सगळं हादरलेलं. मध्ये फक्त तीन दिवस! या दोन तारखा सावकाश म्हणा, मग क्षणभर थांबा. हातवाऱ्यांची गरज पडत नाही.

शिक्षणाचा मुद्दा घेताना पुस्तकातलं वाक्य उचलू नका. यशवंतरावांच्या सरकारनं ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांची, फी सवलत आणली. घरातल्या किंवा शेजारच्या आजोबांना विचारा, ‘ईबीसीची फी सवलत मिळाली होती का?’ ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत आणा.

अडचणीची बाजू झाकायची नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी यशवंतरावांनी ‘महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे’ म्हटल्यावर लोक खवळले होते; १९५७ ला कऱ्हाडातनं ते जेमतेम निवडून आले. आणि १ मे १९६० ला नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्रीही तेच. दोन्ही सांगा. नुसत्या आरतीला मी तरी गुण देत नाही.

मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द होतात, म्हणजे लिखाण साडेपाचशेच्या आत. अख्खं भाषण घोकू नका. हातातल्या कार्डावर फक्त सालं लिहा. १९७९ चं उपपंतप्रधानपद एका वाक्यात. चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा होईल, तेव्हा तुम्ही दिल्लीत पोचलेलं असलं पाहिजे.