पोरांना जुने अल्बम सुचवायचे तर

घरातलं एखादं पोर म्हणालं की जुन्यातलं काहीतरी चांगलं सांग ना ऐकायला, की आपण उत्साहात वीस नावांची यादी व्हॉट्सअॅपवर टाकून देतो आणि त्यातलं एकही ऐकलं जात नाही. एकच अल्बम द्या. आणि तो त्या पोराचा आत्ताचा कान बघून द्या, आपल्याला काय थोर वाटतं ते नंतर.

आधी विचारा हल्ली काय चालू आहे सारखं सारखं. नुसतं गाण्याचं नाव कळून उपयोग नाही, त्यात नेमकं काय आवडतं ते खोदून विचारा, कुणाला बीट आवडतो, कुणाला शब्द, कुणाला अभ्यास करताना मागे काहीतरी शांत लागतं. आणि त्यांनी जे लावलंय ते स्वतः पूर्ण ऐका, मगच बोला.

लो-फाय, म्हणजे मागे वाजत राहणारं संथ, शांत संगीत, लावून अभ्यास करणारं पोर असेल तर मी डोळे झाकून 'कॉल ऑफ द व्हॅली' देते. १९६७ चा अल्बम, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. गिटार म्हटलं की पोरं कान टवकारतातच, ती अशी मींड घेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, रागदारी वाजवू शकते हे त्यांनी ऐकलेलं नसतं. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पूर्ण दिवस आहे यात, सकाळी राग अहिर भैरव, मग नट भैरव, पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. म्हणून शफल बंद करून ऐकायला सांगा, नाहीतर दिवस उलटापालटा होतो आणि सगळी गंमतच जाते. नंतरच्या सीडीत शेवटी जादा तुकडे जोडलेत आणि ऑनलाइनही बऱ्याचदा तेच मिळतं, त्यामुळे पहिल्यांदा पहाडीपर्यंतच ऐकायचं, चाळीसेक मिनिटांत होतं. राग कसा ओळखायचा वगैरे काही सांगत बसू नका, आत्ता दिवसातली कुठली वेळ चालू असेल असं वाटतं एवढंच विचारा, बरोबर सांगतात.

रॅप ऐकणाऱ्यांना आपण उगाच सोडून देतो, यांना काय जुनं आवडणार म्हणून. मला वाटतं सगळ्यात चांगले श्रोते तेच आहेत, कारण ते शब्द ऐकतात! त्यांना 'शिवकल्याण राजा' द्या, १९७४ चा, शिवरायांच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाचा, हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज. पण सुरुवात कवी भूषणच्या छंदापासून करा. 'इंद्र जिमि जंभ पर, बाडव सुअंभ पर, रावण सदंभ पर' हे आधी गाण्याशिवाय मोठ्याने वाचायला लावा, जंभ, अंभ, दंभ कसे एकामागून एक आदळतात ते जिभेला कळू दे, सतराव्या शतकातला माणूस हे करून गेलाय म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलतो. मग रेकॉर्ड लावा. रामदास, सावरकर, कुसुमाग्रज सगळे त्याच अल्बममध्ये पुढे भेटतातच.

गिटार शिकणाऱ्या किंवा मेटलवाल्या पोराला 'शक्ती' या बँडचा पहिला अल्बम, १९७६ चा. जॉन मॅकलॉफ्लिनची गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, तबल्यावर झाकीर हुसेन आणि घटमवर, म्हणजे मातीच्या घड्यावर, विक्कू विनायकराम. लाइव्ह रेकॉर्डिंग आहे, पहिलाच तुकडा अठरा मिनिटांचा आणि सुरुवातीपासून असला सुसाट की समजावून सांगायला काही उरत नाही.

ख्याल, म्हणजे एकच राग सावकाश उलगडत जाणारं शास्त्रीय गाणं, मात्र घाईने देऊ नका. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग मला प्राणापलीकडे प्रिय आहे, पण 'प्रथम सुर साधे' विलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत सुरू होतो आणि सवय नसलेल्या कानाला पहिली दहा मिनिटं काय चाललंय तेच कळत नाही, मग ते पोर घाबरतं आणि शास्त्रीय म्हणजे आपल्याला न कळणारं असं कायमचं ठरवून टाकतं. म्हणून उलट जा. आधी द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, 'सहेला रे', चार-पाच दिवस तेवढंच. ती चाल गुणगुणायला लागलं की मग विलंबित, तेव्हा तेच स्वर सावकाश येताना ओळखीचे वाटतात. आणि हे फोनच्या स्पीकरवर अजिबात नको, तानपुरा ऐकूच येत नाही त्यात, साधे इअरफोन चालतील.

'गीतरामायण' कुठे बसवायचं असं बरेच जण विचारतात. हा मुळात अल्बम नाहीच, १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक असं वर्षभर चाललेलं, गदिमांचे शब्द, बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या चाली, एकूण ५६ गीतं. सगळी एका दमात ऐकवू नका, पोरं सातव्या-आठव्याला उठून जातात. वेब सीरिजचा एपिसोड येतो तसं दर आठवड्याला एक लावा, शक्यतो ठरलेल्या वारी, आणि पुढचं गाणं मागितलं तरी लगेच देऊ नका.