सर्कशीच्या घराण्याचा इतिहास: सनावळी कशी लावाल

सर्कशीतल्या जुन्या माणसांना सन विचारू नका. त्यांना मुक्काम आठवतात, जनावरं आठवतात. नागपूरचा मुक्काम कस्तुरचंद पार्कला होता की रेशीमबागेत, पुढचं गाव कोणतं, सामान वॅगननं गेलं की ट्रकनं, तेव्हा झुल्यावर कोण होतं, असं विचारा. मुक्कामांची साखळी आधी जुळवायची, सन नंतर कागदांवरून बसवायचे.

तिकिटाचा दर आण्यांत असेल, तर ते साधारण १ एप्रिल १९५७ आधीचं. ‘नये पैसे’ दिसले तर १९५७ ते १९६४. मात्र छापलेले गठ्ठे संपेस्तोवर वापरले जात, तेव्हा वर्षभर मागेपुढे धरा. पत्त्यात सहा आकडी पिन असेल, तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. लेटरहेडवर नागपूरपुढे ‘सी. पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) असेल तर बहुतेक १९५० पूर्वीचा, ‘म. प्र.’ (मध्य प्रदेश) असेल तर १९५० ते १९५६ मधला.

रिंगणात वाघ-सिंह असलेला फोटो बहुधा २००१ आधीचा, कारण त्यांच्या खेळांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयानं त्या वर्षी १ मे रोजी कायम केली. हत्ती त्या बंदीत नव्हते. नुसत्या हत्तीवरून काही ठरत नाही.

मग वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली. ‘हितवाद’ १९११ पासूनचा, ‘महाराष्ट्र’ १९१४ पासूनचा. पहिल्या खेळाची जाहिरात भरवशाची. ‘शेवटचे तीन दिवस’ मात्र गल्ला बरा असला की लांबतात. त्यावरून मुक्काम संपल्याची तारीख लिहू नका. ‘देशातली पहिली सर्कस आमचीच’ हा दावाही तपासून घ्या. विष्णुपंत छत्र्यांची ग्रेट इंडियन सर्कस १८८० ची. त्याआधीचं सांगणाऱ्याकडे कागद मागाच.

फोटो अल्बमला चिकटलेले असतील तर ओढू नका, वरचा थर निघून येतो. पानासकट ६०० डीपीआयला स्कॅन करा. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. मागे लिहायचं ते मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या ट्रंकेत कागद ठिसूळ होतो आणि पावसाळ्यात त्यालाच बुरशी धरते, म्हणून ट्रंक आतल्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. पोस्टरवरची ‘मिस रोझी’ घरात कोण होती, याची दोन रकान्यांची वही करा: एकात खेळातलं नाव, दुसऱ्यात घरचं. एकीचं लग्न झालं की तेच नाव दुसरीला लावलेलं असू शकतं. वीस वर्षं एकच रोझी झुल्यावर दिसली, तर फोटोतले चेहरे ताडून पाहा.