ऑफ-रोड ट्रॅकवर निसर्ग दाखवायचा तर

रविवारी सकाळी थार, जिप्सी, जिम्नी घेऊन कोल्हापूरजवळच्या माळावर आलेल्या माणसाला गाडी घालायची असते, व्याख्यान नको असतं. त्यामुळं माहिती देणाऱ्यानं दहा मिनिटांत आटपावं, आणि त्यातलंही निम्मं हातानं करून दाखवावं.

मी सुरुवात पाण्यानं करते. दोन तांबे भरून घ्या. एक गवतात ओता, दुसरा चाकांनी दाबून घट्ट झालेल्या वाटेवर. गवतातलं पाणी बघता बघता जिरतं. वाटेवरचं आधी थांबतं, मग उताराला लागतं आणि तांबडं होऊन वाहतं. "दादा, माती चालली बघा," एवढंच म्हणायचं. आमच्याकडं जांभ्याच्या कातळावर मातीचा थर कुठं कुठं वीतभरही नाही. चाक जागेवर गरगर फिरलं की तो सोलून निघतो आणि पावसात त्या चाकोरीचा ओघळ होतो. हे डोळ्यांनी बघितलेला गडी सहसा वाट सोडत नाही.

लगेच गाडीवर या. टायरमधली हवा थोडी उतरवली की टायर पसरतो, पकड वाढते, चाक कमी घसरतं. चढ फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये, सावकाश घ्या. विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायची केबलची चरखी, झाडाला लावायचीच झाली तर रुंद पट्टा वापरा, उघड्या केबलनं साल कापली जाते. येताना चाकांचा चिखल धुऊन या, त्यातून काँग्रेस गवताचं बी माळावर येतं.

गेटवरची दहा नियमांची पाटी कुणी वाचत नाही. वाट फुटते तिथं एकच वाक्य लिहा. ओढ्याच्या उतारावर आमची पाटी आहे: "इथूनच उतरा, सरळ आणि हळू. कडेच्या डबक्यात बेडकांची पिल्लं आहेत."

उन्हाळ्यात टिटवीकडं लक्ष ठेवा. ती उघड्या खड्यांतच अंडी घालते. मातकट रंग, वर काळे ठिपके. दोन हातांवरूनही दिसत नाहीत. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की गाड्या थांबवा आणि मार्शलला, म्हणजे ट्रॅकवर गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला, तेवढा पट्टा बंद करायला सांगा. बघायचं ते लांबून, दुर्बिणीतून.

माळ भिजला की गाड्या बंदच हव्यात, यावर मी अडून बसते. त्या दिवसांत लोकांना चालत न्या. भिंग देऊन दवबिंदू नावाच्या झाडाच्या पानावरचे चिकट थेंब दाखवा, त्यात अडकलेलं चिलट दाखवा. माती निकस म्हणून हे झाड किडे खातं, असं सांगितलं की पोरं जागची हलत नाहीत. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराचं नाव इथंच काढा. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथं फुलांत गाडी घालायची नाही, हे स्पष्ट सांगा. "गवा दिसंल काय?" असं कुणीतरी विचारतंच. त्याला राधानगरी अभयारण्यात दाजीपूरला पाठवा.

राइड संपल्यावर कॉम्प्रेसरवर हवा भरायला रांग लागते. तेव्हा माणसं निवांत असतात, खरे प्रश्न तिथंच येतात. शेजारी फळा आणि खडू ठेवा, ज्याला जे दिसलं ते त्यानं लिहावं. टिटवीच्या घरट्याची जागा तेवढी फळ्यावर येऊ देऊ नका, नाहीतर फोटोसाठी गर्दी होते.