रायफलच्या सिलिंडरमध्ये हवा भरताना

मुलीच्या 10 मीटर एअर रायफलचा सिलिंडर मी घरीच भरतो, हातपंपाने. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे कामाचा नाही भाऊ; तो 8-10 बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) देतो, आपल्याला हवेत 200. पन्नासेक दट्टे मारले की थांबायचं. पंपाची नळी हाताला चांगली गरम लागते, ती गार होऊ द्यायची. गरम हवा बाष्प धरून ठेवते, ते आत गेलं की गंज. पंपाच्या फिल्टरमधल्या, बाष्प शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की मी दाणेच बदलतो.

स्कूबाचा, म्हणजे पाणबुड्यांचा दाबाखालच्या हवेचा सिलिंडर असेल तर त्यातून भरता येतं, कष्ट वाचतात, फक्त व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा.

12 ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइड कॅप्सूल त्यासाठीच बनवलेल्या रायफलींना. 21 अंशांना दाब साधारण 58 बार. ऊन वाढलं की तोही वाढतो. जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, त्यामुळे कॅप्सूल बंद गाडीत ठेवूच नका.

आणि वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन? कधीच नाही. एवढ्या दाबात तेलाचा एक थेंबही पेट घेतो, रायफल हातातच फुटते.