ग्रॅज्युएशन झालंय आणि आता नर्स व्हायचंय? मग हे आधी वाचा

दिवाळीत सांगलीला आले होते तेव्हा शेजारच्या काकू त्यांच्या मुलीला घेऊन आल्या. पोरगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, दोन वर्षं लॅबमध्ये नोकरी केलेली, आणि आता तिला नर्स व्हायचंय. "ताई, अमेरिकेत म्हणे एका वर्षात नर्सिंग होतं, खरं का ओ?" खरं आहे, पण त्याच्या मागंपुढं बरंच काय काय आहे. मी पण बी.एस्सी. करून लग्नानंतर तिकडं गेले आणि ह्याच वाटेनं नर्स झाले, म्हणून जे तिला सांगितलं ते सगळं इथं लिहितेय.

आधी आपल्याकडचं. भारतात ग्रॅज्युएट लोकांसाठी कमी वर्षांचं नर्सिंग असं काही नाहीच. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं, आठ सेमिस्टर, मग तुम्ही बी.कॉम. असा नाहीतर एम.एस्सी., पहिल्या सेमिस्टरपासूनच बसायचं. त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश पाहिजे, ओपनला ४५ टक्के, आणि महाराष्ट्रात सीईटी. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा डिप्लोमा, तीन वर्षांचा, त्याला आर्ट्स-कॉमर्सची बारावी पण चालते, इंग्लिश आणि ४० टक्के लागतात. आणि ते पोस्ट बेसिक बी.एस्सी. म्हणतात ना, दोन वर्षांचं, ते नाव ऐकून लोकांना वाटतं हे पदवीनंतरचं असणार, तर तसं नाही, ते जीएनएम झालेल्या रजिस्टर्ड नर्ससाठी असतं.

हे एवढं सविस्तर सांगतेय कारण माझ्या मामेबहिणीनं "पदवी आहे ना, मग एका वर्षात नर्स" असं ऐकून एका ठिकाणी फी भरली, वर्षभर गावातनं एसटीनं ये-जा केली, आणि नंतर कळलं की त्या सर्टिफिकेटवर कौन्सिलकडं नोंदणीच होत नाही. तिचं ते वर्ष आठवलं की अजून जीव तुटतो. त्यामुळं पैसे भरायच्या आधी इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं आणि कोर्सचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता तिकडचं. अमेरिकेत पदवी झालेल्यांसाठीच्या ह्या कोर्सला अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन (बॅचलर ऑफ सायन्स इन नर्सिंग) म्हणतात, साधारण ११ ते १८ महिन्यांचा कोर्स. एवढ्या कमी वेळात होतो कसा, तर चार वर्षांच्या डिग्रीत निम्मे विषय भाषा, समाजशास्त्र, गणित, बेसिक सायन्स असे असतात, ते तुमच्या जुन्या पदवीत झालेत असं धरतात आणि उरलेलं नर्सिंग सुट्ट्या न देता सलग शिकवतात. नर्सिंगचा भाग कुठंही कमी केलेला नसतो. म्हणून हा कोर्स चालू असताना नोकरी करता येईल हे डोक्यातनं काढून टाका, माझी पोस्टिंग सकाळी पावणेसातला सुरू व्हायची, बारा तासांची शिफ्ट, आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशीच्या पेशंटची तयारी.

पण कोर्सच्या आधीचे विषय, म्हणजे प्रीरिक्विझिट, हे पूर्ण असावे लागतात आणि खरा वेळ तिथंच जातो. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या दोन सेमिस्टर लॅबसकट, मायक्रोबायोलॉजी लॅबसकट, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, आणि जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या वाढीचं सायकॉलॉजी. कॉलेजप्रमाणं यादी थोडी बदलते. शिवाय बरीच कॉलेजं सायन्सचे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने असले तर धरत नाहीत. काकूंच्या मुलीचं मायक्रो चालून जाण्यासारखं आहे, अ‍ॅनाटॉमी मात्र करावीच लागेल. कॉमर्सवाल्यांनी ह्या विषयांसाठीच एखादं वर्ष धरून चाला. काही ठिकाणी टीज नाहीतर हेसी नावाची प्रवेश परीक्षा पण असते. आणि आपली तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं पूर्ण धरतात, काही धरत नाहीत, त्यामुळं अर्जाची फी भरायच्या आधी तिथल्या अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करून विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

व्हिसाचं कुणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते. तिथलं सरकारी एज्युकेशन लोन मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, आणि बरेच अ‍ॅक्सिलरेटेड कोर्स स्टुडंट व्हिसावर प्रवेश देत नाहीत. नवऱ्याच्या एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसामुळं तुम्ही एच-४ ह्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर शिकता येतं, पण नोकरीसाठी वर्क परमिट लागतं, आणि ते साधारण नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीनं भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाल्यावरच मिळतं. म्हणजे डिग्री हातात, लायसन्स हातात आणि नोकरी करता येत नाही असं होऊ शकतं. ही तारखांची जुळवाजुळव आधी दोघांनी बसून करा. माझ्या मते ही वाट ज्यांचं तिकडं राहणं ठरलेलं आहे त्यांच्यासाठीच बरी, फक्त ह्या कोर्ससाठी घर गहाण टाकून अमेरिकेला जाऊ नका.

ज्यांना इथनंच शिकायला जायचंय त्यांनी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया पण बघावं. दोन्हीकडं ग्रॅज्युएट लोकांसाठी दोन वर्षांचं मास्टर्स असतं आणि ते करून नर्स म्हणून नोंदणी मिळते. इंग्लंडमध्ये एकूण ४६०० तास, निम्मे वर्गात निम्मे वॉर्डात, त्यातले काही आधीच्या शिक्षणातनं धरले जातात. ऑस्ट्रेलियात किमान ८०० तास प्लेसमेंट, म्हणजे हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम करून शिकणं.

अमेरिकेत डिग्रीनंतर एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा, कमीत कमी ८५ प्रश्न आणि जास्तीत जास्त १५०, पाच तास, तुमच्या उत्तरांप्रमाणं पुढचा प्रश्न सोपा-अवघड होत जातो. लायसन्स राज्याप्रमाणं मिळतं.

आता घरी बसून आजपासून काय करता येईल. एक म्हणजे औषधांचं गणित. १००० एमएल सलाईन आठ तासांत द्यायचं, म्हणजे तासाला १२५ एमएल. आपल्याकडच्या साध्या आयव्ही सेटला एका एमएलला २० थेंब पडतात, १२५ गुणिले २० भागिले ६०, मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे कागद न घेता यायला पाहिजे. आजी मिरजेला अ‍ॅडमिट होती तेव्हा रात्रीच्या सिस्टर घड्याळाकडं बघत चेंबरमधले थेंब मोजायच्या आणि अंगठ्यानं ते चाक अगदी केसभर सरकवायच्या, परत मोजायच्या. मला नर्स व्हावंसं वाटलं ते तिथं, त्या बाकड्यावर बसून. म्हणून मी काकूंच्या मुलीला म्हटलं, अर्जबिर्ज राहू दे, मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, १८९४ साली मिशनचा दवाखाना सुरू झाला तिथं, ओळखीनं परवानगी काढ आणि निदान पंधरा दिवस वॉर्डात मदत कर. बेडपॅन, उलटी, जखमेचा वास, रडणारे नातेवाईक, हे सगळं बघून पण परत दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं तर पुढं जा.

दुसरं म्हणजे कागद. सांगली-साताऱ्याच्या बहुतेकांची पदवी शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या विषयांचे मार्क असलेला विद्यापीठाचा अधिकृत कागद) कोल्हापूर. परदेशात जायच्या आधीच काढा, तिकडनं भावाला पळवणं फार अवघड जातं. तुम्ही शिकलात त्या वर्षाचा सिलॅबस कॉलेजच्या शिक्क्यानिशी घ्या, त्यात प्रॅक्टिकलचे तास दिसले पाहिजेत, कारण तिकडं "लॅब होती का" हे विचारतातच. आणि नाव बघा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळाच क्रम आणि लग्नानंतर तर आडनावच दुसरं. माझा अर्ज ह्या एका गोष्टीपायी अडीच महिने अडकला होता. नाव बदलल्याचं गॅझेट, मॅरेज सर्टिफिकेट आणि अ‍ॅफिडेव्हिट तिन्ही एका फाईलला लावून ठेवा, मूळ प्रती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि सगळ्याचे स्कॅन स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा.