वायरमन परवाना ते टेस्ट रिपोर्टवरची सही: या चुका टाळा

आयटीआयचा निकाल लागतो, हातात इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचं प्रमाणपत्र येतं आणि आठवड्याभरात कार्ड छापलं जातं: 'घरगुती वायरिंगची सर्व कामे केली जातील. टेस्ट रिपोर्ट मिळेल.' दोन वर्षांच्या ट्रेडचं प्रमाणपत्र ही शिक्षणाची पावती आहे. तिच्या जोरावर घराची वायरिंग अंगावर घेता येत नाही, मग टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा सही केलेला कागद, देणं लांबच राहिलं.

कागद तीन आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं. हाताने काम करणाऱ्याला वायरमनचा परवाना लागतो. सरकारी मराठीत तो तारतंत्री परवाना. कामावर देखरेख ठेवणाऱ्याकडे सुपरवायझरचं सक्षमता प्रमाणपत्र हवं. काम अंगावर घेणाऱ्याकडे विद्युत ठेकेदाराचं लायसन्स हवं. महावितरणच्या, किंवा मुंबईत बेस्ट, टाटा, अदानीच्या नव्या जोडणीसाठी जो टेस्ट रिपोर्ट लागतो, तो ठेकेदाराच्या लायसन्सवर निघतो. नुसत्या वायरमन परवान्यावर तो देता येत नाही. हे नियम काल-परवाचे नाहीत. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५ व्या नियमात हेच होतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत ते २९ व्या क्रमांकावर आलं आणि २०२३ च्या नव्या विनियमांतही तीच चौकट कायम आहे.

सूट आहे, पण बेताची. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण जसंच्या तसं बदलायला परवाना लागत नाही. अट अशी की वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. जुना पंखा काढून नवा टांगला, चालेल. बेडरूममध्ये एसीचा नवा पॉइंट ओढला, तर ती वाढीव वायरिंग झाली. 'एकच तर पॉइंट आहे' हे वाक्य नियमात कुठेही नाही.

अर्ज अडतो तो नावावरून

दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आयटीआयच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव अर्धवट. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर विचारूच नका. अर्ज भरायच्या आधी सगळे कागद टेबलावर मांडा आणि एकेक अक्षर जुळवा. नाव खरंच बदललं असेल तर राजपत्रातली नोंद जोडा.

अनुभवाचा दाखला आणताना देणाऱ्याचा लायसन्स क्रमांक, कामाच्या तारखा आणि कामाचं स्वरूप त्यावर आहे ना, ते पाहा. 'यांनी आमच्याकडे काम केले असून त्यांची वर्तणूक चांगली आहे' एवढ्यावर काही होत नाही. ज्याच्या दुकानात कधी पाऊल ठेवलं नाही त्याच्याकडून दाखला आणायचा मोह होतो, आणि मग तोंडी परीक्षेत 'तिथे कुठला मेगर वापरत होता?' या, इन्सुलेशन मोजायच्या यंत्राबद्दलच्या, एवढ्याशा प्रश्नावर घाम फुटतो.

सिंधुदुर्गातले बरेच जण गोव्यात कामाला जातात. परवाना त्या राज्याने दिलेला किंवा मान्य केलेला लागतो, हे जाण्याआधी बघा. मुदत संपायची तारीख मोबाइलमध्ये टाका, दोन महिने आधीची.

सही उसनी देणं

ठेकेदाराचं लायसन्स एकाचं, काम दुसऱ्याचं, टेस्ट रिपोर्ट तिसऱ्याच्या हातून. लायसन्सवाल्याने घर पाहिलेलं नसतं. कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर सह्या-शिक्के आधीच मारून ठेवलेले आणि रीडिंगच्या रकान्यात प्रत्येक घराला तेच आकडे. इन्सुलेशन शंभर मेगाओहम, अर्थिंग एक ओहम. काळ्या मातीतलं घर असो की जांभ्या दगडावरचं, अर्थिंग एक ओहमच!

शॉक लागून माणूस गेला की विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकाची चौकशी लागू शकते. अशा चौकशीत वायरिंग कुणी केली आणि कुणी तपासली हे विचारलं जातं, आणि उत्तर टेस्ट रिपोर्टवर लिहिलेलं असतंच. 'मी फक्त सही दिली' हा बचाव नाही, कबुली आहे. नव्याने लायसन्स घेणाऱ्याला सहीचे पैसे सोपे वाटतात. ज्याला मीटर घेऊन घरात फिरायचा कंटाळा आहे त्याने वायरमन म्हणूनच काम करावं. त्यात काही कमीपणा नाही.

मेगर न लावता 'ओके'

पुरवठा बंद. बल्ब काढलेले, सगळे प्लग उपसलेले, सगळे स्विच चालू स्थितीत. एलईडी ड्रायव्हर, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डोअरबेल, सर्ज प्रोटेक्टर सुटे केलेले. एवढं केल्यावर मेगर ५०० व्होल्ट डीसीवर. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थला एक मिनिट, मग फेज ते न्यूट्रल. किमान आकडा १ मेगाओहम.

इथे घाई करणारे दोन प्रकारे फसतात. पहिला प्रकार: स्विच बंद ठेवून मोजायचं. मग स्विचच्या पुढची वायर मोजलीच जात नाही आणि आकडा झकास येतो. टू-वे स्विच असेल तर दोन्ही स्थितींत मोजा, नाहीतर मधली एक तार सुटते. दुसरा प्रकार: २ मेगाओहम आला, पास झालं, चला. कागदावर पास आहे हे खरं. पण नव्या पीव्हीसी वायरचं घर दहांत-शंभरांत आकडे देतं. नव्या घरात २ आला तर पाइपात पाणी आहे, किंवा बोर्डाचा स्क्रू वायरीत घुसलाय. एकेक सर्किट सुटं करून मोजा, लबाड सर्किट पाच मिनिटांत सापडतं. प्लास्टर ओलं असताना किंवा कोकणात ऐन पावसात आकडा खाली येतो. तो लिहून ठेवा आणि भिंती सुकल्यावर पुन्हा मोजा.

मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर इन्सुलेशन पाहणाऱ्यांसाठी एकच ओळ: नऊ व्होल्टच्या बॅटरीला जे दिसत नाही ते २३० व्होल्टला दिसतं.

बल्ब लावून अर्थिंग 'चेक' करणं

ही चूक सगळ्यात लाडकी. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावायचा, तो लख्ख पेटला की 'अर्थिंग एक नंबर'. गणित करून बघा. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना साधारण ५२९ ओहमचा असतो. अर्थिंगचा खड्डा ५० ओहमचा, म्हणजे वाईट, असला तरी बल्बला २१० व्होल्टच्या आसपास मिळतातच. २३० आणि २१० मधला फरक डोळ्यांना कळत नाही. बल्ब जेमतेम ०.४ अँपिअर घेतो. अर्थिंगची खरी परीक्षा फॉल्टच्या वेळी असते. शिवाय पुढे आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर बल्ब लावताच ती पडते, म्हणून हे 'टेस्टिंग' करायला आधी आरसीसीबी बायपास करतात. मग ती तशीच राहून जाते.

फॉल्टच्या वेळी काय होतं ते पाहू. खड्डा चांगला, १० ओहमचा धरा. ट्रान्सफॉर्मरकडची बाजू सोडून द्या. गीझरचा एलिमेंट फुटून फेज बॉडीला टेकला, तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. गीझरला सी-कर्व्ह प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आहे. ती झटक्यात पडायला पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ अँपिअर म्हणजे दीडपटही नाही. १.४५ पट करंटला तासाभरात पडणं एवढंच एमसीबीवर बंधन आहे आणि आपले २३ अँपिअर त्याच्याही किंचित खाली. म्हणजे एमसीबी आरामात उभी, आणि गीझरची बॉडी, नळ, त्याच अर्थवायरवरचा फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज. एमसीबीच्या भरवशावर राहायचं तर पूर्ण लूप, म्हणजे फॉल्टच्या करंटचा जाण्या-येण्याचा सगळा मार्ग, १.४ ओहमच्या आत हवा. घराच्या एका खड्ड्यातून तो मिळत नाही, कितीही मीठ-कोळसा घाला.

म्हणून ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी. तिला हजारात मोजता येणाऱ्या ओहमचीही फारशी फिकीर नसते, तरी अर्थिंगचा हट्ट सोडू नका. आरसीसीबी हे यंत्र आहे, अडकू शकतं. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला घरच्यांना शिकवा, आणि हेही सांगा की ते बटण अर्थिंग तपासत नाही. घराला अर्थिंग अजिबात नसलं तरी बटण दाबल्यावर ती पडतेच.

अर्थिंग मोजायचं ते अर्थ टेस्टरने. मेन बंद करा, खड्ड्याची पट्टी डीबीपासून, म्हणजे एमसीबी असलेल्या मुख्य बोर्डापासून, सोडवा. अडीच-तीन मीटरच्या पाइपसाठी करंटचा खिळा २५ ते ३० मीटरवर, व्होल्टेजचा खिळा त्याच ओळीत साधारण ६२ टक्क्यांवर. मग मधला खिळा तीन मीटर पुढे, तीन मीटर मागे सरकवून पुन्हा मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर खरे. उतरंड लागली तर बाहेरचा खिळा जवळ पडतोय. क्लॅम्प टेस्टरने एकट्या खड्ड्याचं मोजमाप होत नाही, त्याला बंद लूप लागतो.

खड्ड्यासाठी आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय मानक वाचा. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, प्लेट ६०० × ६०० × ६.३ मिलिमीटर, वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर. दोन फुटांवर पुरलेली प्लेट उन्हाळ्यात कोरडी पडते.

आणि खड्डा नाही म्हणून सॉकेटमध्ये अर्थ पिनला न्यूट्रलची जोड देणारे महाभाग अजून आहेत. बाहेर न्यूट्रल तुटला की त्या घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर २३० व्होल्ट येतात. टेस्टर काहीही सांगो, हे करणाऱ्याचा परवाना काढून घ्यावा.

आरसीसीबी सारखी पडते, म्हणून काढून टाकणं

कुठल्याही तालुक्यात सापडेल असं दुमजली घर घ्या. नवी डीबी, नवी आरसीसीबी. आठवडाभर ठीक. मग इन्व्हर्टर बसवणारा येऊन गेला आणि रात्री पंखा लावला की आरसीसीबी पडायला लागली. मालक फोन करतो, कुणीतरी येऊन 'माल खराब आहे' म्हणतो, दुसऱ्या कंपनीची बसवतो. तीही पडते. तिसऱ्या खेपेला आरसीसीबीच्या वरून तार मारून मोकळा होतो. मालक खूश. पुढच्या पावसाळ्यात ओल्या भिंतीचा शॉक बसेपर्यंत.

खराब काहीच नव्हतं. इन्व्हर्टरवाल्याने पंखे-दिव्यांचा फेज इन्व्हर्टरवर घेतला आणि न्यूट्रल जुन्याच लिंकवर, म्हणजे न्यूट्रलच्या वायरी जोडायच्या पट्टीवर, ठेवला. जाणारा करंट एका वाटेने, येणारा दुसऱ्या. आरसीसीबीचं काम हीच तफावत पकडणं, ती ते इमानाने करत होती. इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल वेगळ्या लिंकवर घ्या, फेजसोबतच त्याला फिरवा, प्रश्न संपला. दोन सर्किटांनी एकच न्यूट्रल वाटून घेतला तरी, त्यातलं एकच आरसीसीबीवर असेल तर, हाच आजार होतो.

फॉल्ट शोधताना नवशिके आणखी एका ठिकाणी अडतात. सगळ्या एमसीबी खाली केल्या तरी आरसीसीबी टिकत नाही, म्हणजे आरसीसीबीच खराब, असा निष्कर्ष निघतो. पण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलेला असेल तर एमसीबी बंद करून तो सापडणार नाही. मेन बंद करा, न्यूट्रल लिंकवरून एकेक वायर सोडवा आणि प्रत्येकीला अर्थशी मेगर लावा. बहुतेक वेळा दोषी निघतो बाथरूमचा बोर्ड, गच्चीवरचा दिवा किंवा पंपाचा स्टार्टर. वायरिंग करतानाच न्यूट्रलला सर्किट क्रमांकाची चिठ्ठी लावली असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. नसेल तर अख्खा दिवस घ्या आणि आधीच्या वायरमनचा उद्धार करत बसा.

बाकीच्या, थोडक्यात

अडीच एमएमच्या वायरवर ३२ अँपिअरची एमसीबी: 'सारखी पडत होती म्हणून मोठी टाकली'. आता एमसीबी पडत नाही, वायर तापते.

सॉकेटकडे तोंड करून उभं राहिल्यावर फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, अर्थ वर. प्रत्येक सॉकेट तपासा, नमुना म्हणून दोन नव्हे.

हिरवी वायर संपली म्हणून अर्थला काळी ओढू नका. दुकान बंद असेल तर काम उद्या करा.

मीटरचं सील तुमचं नाही. 'जरा लोड बघायचा होता' म्हणून ते तोडलं तर विद्युत अधिनियमाची कलम १३५ आणि १३८ समोर उभी राहतात, आणि तिथे परवाना मदतीला येत नाही.

निऑन टेस्टर पेटला म्हणजे तिथे काहीतरी व्होल्टेज आहे, एवढंच. न्यूट्रल आहे का, अर्थ आहे का, हे त्याला विचारू नका. तो पेटला नाही म्हणून वायरीला हात लावणाऱ्यांनी आधी तोच टेस्टर चालू सॉकेटवर पेटतो का ते पाहावं.

टेस्ट रिपोर्टची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. मागच्या बाजूला प्रत्येक सर्किटचं मेगरचं रीडिंग, खड्ड्याचे तिन्ही आकडे, आरसीसीबीचं रेटिंग, मेगरचा अनुक्रमांक आणि त्या दिवशी पाऊस होता की नव्हता, हे पेनाने लिहा. डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला सर्किटची यादी चिकटवा. पेन्सिलीने भिंतीवर लिहिलेलं पहिल्या रंगकामात जातं.