दोन स्क्रिप्टमध्ये डेटा देता-घेताना या चुका टाळा

नाशिकमधल्या छोट्या उद्योगांसाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली कामे करताना दुसऱ्यांच्या स्क्रिप्टही (छोटे प्रोग्राम) दुरुस्तीला येतात आणि त्यांत त्याच त्या चुका दिसतात. एका स्क्रिप्टमधली डिक्शनरी (की म्हणजे ओळखनाव आणि त्याचे मूल्य अशा जोड्यांचा संग्रह) दुसरीत इम्पोर्ट केली, म्हणजे आणून वापरली, की दोघींची डिक्शनरी एकच होते, हा त्यातला सर्वांत जुना समज. प्रत्यक्षात दोन्ही स्क्रिप्ट स्वतंत्रपणे चालवल्या, तर इम्पोर्ट करताना ती फाइल नव्याने चालते आणि डिक्शनरीची वेगळी प्रत तयार होते.

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकिंग शेडसाठी मी दोन स्क्रिप्ट लिहिल्या होत्या. पहिली प्रत्येक प्लॉटचे वजन जेसन फाइलमध्ये (डेटा मजकुराच्या रूपात साठवणारी फाइल) लिहीत असे आणि दुसरी संध्याकाळी त्यावरून बागायतदारांचे हिशेब छापत असे. प्लॉट क्रमांक पूर्णांक होते. पण जेसनमध्ये की नेहमी मजकूरच असते, म्हणून १२ या आकड्याचा "१२" हा मजकूर झाला. दुसऱ्या स्क्रिप्टला १२ सापडला नाही, आणि डिक्शनरीतून मूल्य काढणाऱ्या गेट मेथडला, की न सापडल्यास वापरायचे म्हणून, मी शून्य हे पर्यायी मूल्य दिलेले असल्यामुळे एररही आली नाही. सगळ्या कागदांवर वजन शून्य. "सर, दिवसभर क्रेट मोजले, मग हे शून्य कशाचे?" असे शेडमालकांनी विचारले. तेव्हापासून मी की सुरुवातीपासूनच मजकूर ठेवतो आणि मूल्य चौकटी कंसानेच काढतो, म्हणजे की नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

अर्धवट लिहिलेली फाइल वाचणे ही दुसरी मोठी चूक. लिहिण्यासाठी फाइल उघडताच ती आधी रिकामी होते आणि नेमक्या त्या क्षणी वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. यावर दोन सेकंदांचा स्लीप (स्क्रिप्टला थांबवणारी आज्ञा) घालणे हा उपाय नव्हे. उतावळे नवशिके तो घालतात आणि फाइल मोठी झाली की पुन्हा येतात. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल पूर्ण लिहून बंद करावी आणि मग पायथनच्या ओएस मोड्यूलमधल्या रिप्लेस या फंक्शनने तिला मूळ नाव द्यावे. लिहिणाऱ्या स्क्रिप्ट एकाहून अधिक असतील, तर सरळ एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस वापरावा. पायथनमध्ये तो २००६ पासून सोबतच येतो.

जेसनमधून टपल (न बदलता येणारी यादी) लिस्ट (बदलता येणारी यादी) होऊन परततो. तारीख आयएसओ मजकुरात (वर्ष-महिना-दिवस या क्रमाने) बदलून लिहावी. अनोळखी माणसाची पिकल फाइल (पायथनमधला डेटा जसाच्या तसा साठवणारी फाइल) कधीही उघडू नये, कारण ती उघडताना त्यातला कोड चालू शकतो. आणि जेसनमध्ये मराठी नावे जशीच्या तशी दिसावीत म्हणून आस्कीचा (फक्त इंग्रजी अक्षरे व चिन्हे वापरण्याचा) पर्याय बंद केला असेल, तर लिहिताना आणि वाचताना, दोन्हीकडे यूटीएफ-८ (मराठीसह सर्व लिप्या साठवणारी अक्षर-संकेत पद्धत) स्पष्ट लिहावे.